तेरा हजारांच्या पगाराचे वर्षाचे गणित

आईला सांभाळायला दिवसभराची बाई ठेवायचे ठरले, तेव्हा न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने फोनवरच तोंडी हिशेब मांडला. पगार महिना १३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,५६,०००, आणि आम्ही भावंडे दोघेच असल्यामुळे तिच्या वाट्याचे ७८,०००. ही रक्कम ती जानेवारीतच एकरकमी पाठवून मोकळी होणार होती. मी तिला दोन दिवस थांबायला सांगितले. चिपळूणच्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करीत माझे आयुष्य गेले असल्यामुळे मी उगाच कीस पाडतो, असा तिचा जुना आरोप आहे आणि तो पूर्णपणे खोटा नाही. पण या वेळी माझ्या थांबण्यामागे आदल्या वर्षीचा एक फजितीचा अनुभव होता.

आई गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी राहते. वय ८१, बुद्धी तल्लख, पण गुडघे साथ देत नाहीत. आदल्या वर्षी तिच्यासाठी ठेवलेल्या बाईंच्या बाबतीत मी बहिणीसारखाच गुणाकार केला होता आणि तोच वर्षाचा खर्च समजलो होतो. मग गणपतीत त्या पाच दिवस गेल्या, भातलावणीला आठवडाभर आल्या नाहीत, आणि प्रत्येक वेळी मी एकीकडे त्यांचे खाडे कापत होतो, तर दुसरीकडे त्याहून जास्त पैसे मोजून बदली बाई शोधत होतो. आठव्या महिन्यात त्या काम सोडून जवळच्या काजूच्या कारखान्यात लागल्या. तिथला रोज माझ्या रोजापेक्षा फारसा जास्त नव्हता, परंतु तिथे दिवाळीला बोनस होता आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता. मी फक्त रोजाची रोजाशी तुलना केली आणि हरलो. घरकामाला माणूस ठेवताना आपली स्पर्धा शेजारच्या घराशी असते असे आपण समजतो, पण कोकणात आज ती काजूच्या कारखान्याशी, आंब्याच्या बागेशी, पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या साफसफाईशी आणि लावणीच्या दिवसांत खुद्द त्या बाईंच्या स्वतःच्या खाचराशी असते.

गंमत अशी की, बहिणीला हे मला समजावून सांगावे लागले नाही, कारण त्याच महिन्यात ती स्वतः असल्याच गणितात अडकली होती. तिची मुलगी दोन वर्षांची आहे. तिला सांभाळायला त्यांनी जानेवारी २०२५पासून एक बाई ठेवल्या. आठवड्याचे ३० तास, तासाला २० डॉलर, आणि बारा महिने पगार चालू. म्हणजे आठवड्याचे ६०० आणि वर्षाचे ३१,२०० डॉलर. न्यू जर्सीत २०२५मध्ये किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होते, त्यामुळे ती बाजू ठीक होती. पण तिकडे घरी माणूस ठेवणारा गृहस्थ कायद्याने मालक होतो आणि मालकाला कर भरावा लागतो, हे तिच्या पूर्ण ध्यानात आले नव्हते.

तिकडचा नियम मी तिच्याकडून समजून घेतला आणि मग स्वतः वाचून खात्री केली, तो असा. एका घरकामगाराला २०२५ या वर्षात २,८०० डॉलर किंवा त्याहून जास्त रोख वेतन दिले, तर सोशल सिक्युरिटी (म्हातारपणाचे निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) हे दोन कर लागू होतात. ही मर्यादा २०२४मध्ये २,७०० होती आणि ती दरवर्षी नव्याने जाहीर होते. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के, मिळून ७.६५ टक्के मालकाने आपल्या खिशातून भरायचे आणि तेवढेच कामगाराच्या वेतनातून कापून घ्यायचे. बहिणीच्या बाबतीत मालकाचा वाटा २,३८६ डॉलर ८० सेंट झाला आणि कापून घ्यायची रक्कमही तितकीच. याखेरीज कोणत्याही एका तिमाहीत १,००० डॉलर किंवा अधिक वेतन दिले असेल, तर केंद्राचा बेकारीचा कर लागतो. त्याचा दर ६ टक्के असला तरी तो वेतनाच्या फक्त पहिल्या ७,००० डॉलरवर आहे, आणि राज्याचा बेकारीचा कर वेळेत भरला तर ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळून हाती ०.६ टक्केच उरतो, म्हणजे ४२ डॉलर. कॅलिफोर्नियासारख्या ज्या राज्याने केंद्राचे कर्ज थकवले आहे, तिथल्या मालकांची ही सूट थोडी कापली जाते. न्यू जर्सीला तो त्रास नाही, पण राज्याचे स्वतःचे बेकारी आणि आजारपणाचे वर्गणी-दर आहेत, आणि त्यांचा वार्षिक तक्ता वेगळा भरावा लागतो.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती पैसे भरण्याची वेळ. दर महिन्याला कुठे काही भरावे लागत नाही. वर्ष संपले की शेड्यूल एच नावाचा तक्ता आपल्याच प्राप्तिकर विवरणपत्राला जोडायचा आणि १५ एप्रिलपर्यंत सगळे एकदम चुकते करायचे. बहिणीच्या बाबतीत मालकाचा वाटा, कामगाराचा वाटा आणि बेकारीचा कर मिळून ४,८१५ डॉलर ६० सेंट. वर्षभर बाईंच्या वेतनातून कापलेले पैसे आपल्याच खात्यात पडून राहतात, आपलेच वाटू लागतात आणि एप्रिलमध्ये ते द्यावे लागतात तेव्हा डोळे पांढरे होतात. शिवाय वर्षभरात पुरेसा कर भरला गेला नाही म्हणून दंड होऊ शकतो तो वेगळाच. यावर माझ्या मेव्हण्याने काढलेला उपाय मला आवडला. त्याने आपल्या नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४ फॉर्म नव्याने भरून दर पंधरवड्याच्या पगारातून १८६ डॉलर जास्त कर कापून घ्यायला सांगितले. पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला गेला असे धरले जात असल्यामुळे उशीर झाला तरी दंडाचा प्रश्न सहसा उरत नाही. तिमाहीला वेगळे हप्ते भरण्याचा दुसराही मार्ग आहे, पण विसरभोळ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

बहिणीने आधी दोन पळवाटा शोधल्या होत्या. पहिली अशी की, बाईंना स्वतंत्र कंत्राटदार म्हणून दाखवावे आणि करांची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी. ती चालत नाही, कारण काम कधी करायचे आणि कसे करायचे हे जो ठरवतो तो मालक, ही तिकडची कसोटी आहे, आणि मुलीला किती वाजता निजवायचे हे माझी बहीण ठरवते. दुसरी पळवाट हातावर पैसे देण्याची, आणि ती बाईंनाच हवी होती, कारण कापाकापी नको. मात्र वेतन नोंदले गेले तरच म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाची गुणसंख्या साठते. २०२५मध्ये दर १,८१० डॉलर कमाईमागे एक, वर्षाला जास्तीत जास्त चार, आणि निवृत्तिवेतनाला एकंदर चाळीस लागतात. बाईंचे वय पन्नाशीच्या जवळ. हा आकडा ऐकल्यावर त्यांनीच नोंद करायला सांगितली. शिवाय नोंद असली तरच बहिणीलाही सवलत घेता येते. २०२५मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या योजनेतून ५,००० डॉलरपर्यंत रक्कम करमुक्त बाजूला काढता येत होती, किंवा एका मुलाच्या ३,००० डॉलर खर्चावर तिच्या उत्पन्नाला २० टक्के, म्हणजे ६०० डॉलरची करसूट मिळत होती. एका मुलासाठी दोन्ही घेता येत नाहीत. तिने अर्थातच पहिली घेतली. घरकामगाराच्या वेतनातून प्राप्तिकर कापणे मात्र सक्तीचे नाही. कामगाराने मागितले आणि मालकाने मान्य केले तरच तो कापायचा.

एकूण काय, तिकडे पगाराच्या वर आठ ते दहा टक्के धरले की अंदाज चुकत नाही. बहीण म्हणाली, “दादा, तुझ्याकडे तर करच नाही. मग तुझा आकडा फुगतो कसा?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी शंभरपानी वही काढली.

करापुरते तिचे म्हणणे बरोबर होते. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीची सक्ती वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला आहे, कर्मचारी राज्य विमा योजनेची दहा किंवा अधिक माणसांच्या. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या तरी हे आकडे तेच राहिले. एका म्हातारीच्या घरात एक बाई कामाला असेल, तर यातले काही लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या व्यवसायकराचा विचार केला तर स्त्रीचा मासिक पगार २५,००० रुपयांपर्यंत असेल तेव्हा तो शून्य. प्राप्तिकर कापण्याइतका पगार मी देत नाही, आणि जो देतो तो माझा घरगुती खर्च असल्यामुळे मला त्याची वजावटही नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ सालचा आहे आणि त्याखाली १८ ते ६० या वयातल्या घरकामगारांची नोंदणी होते, पण मालकाने दरमहा अमुक टक्के भरावेत अशी व्यवस्था आमच्यासारख्यांपर्यंत आलेली नाही. घरकामगारांसाठी वेगळा कायदा हवा काय, हे तपासायला समिती नेमण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला दिले. तो कायदा येईल तेव्हा येवो. तोपर्यंत वरचा खर्च किती धरायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून तो नाहीच, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तो तिकडच्यापेक्षा मोठा आहे, फक्त त्याला सरकारी नाव नाही.

मी पहिल्यांदा पगाराला २६ने, म्हणजे रविवार वगळून महिन्याच्या कामाच्या दिवसांनी, भागले. १३,००० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ५००. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, कारण पुढचे बरेचसे त्याच्यावरून निघते. आईला रविवार नसतो. तिला सातही दिवस माणूस लागते आणि बाईंना आठवड्याची सुट्टी द्यायची, म्हणजे वर्षातले ५२ दिवस दुसरे कोणीतरी हवे. वाडीतल्याच एका मुलीने ५०० रुपये रोजाने रविवार कबूल केले. ते झाले २६,०००. मग भरपगारी रजा. गणपतीचे पाच दिवस, शिमग्याला पालखी त्यांच्या घरी यायची त्याचे तीन, लावणीचे सहा, आणि दुखणेखुपणे, लग्नकार्य यांचे सात, असे एकूण २१ दिवस मी धरले. आयत्या वेळी येणारी बदली बाई ६०० घेते, तेव्हा १२,६००. खाडे कापायचे नाहीत हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. ज्या घरात खाडे कापतात तिथे माणूस तापातही येतो, आणि आईच्या वयाच्या माणसाजवळ तापातला माणूस मला नको आहे. हा उदारपणा नाही, हिशेबच आहे.

दिवाळीला एक महिन्याचा पगार, १३,०००. बोनसच्या कायद्यातले किमान ८.३३ टक्के म्हणजे बाराव्या भागाखेरीज दुसरे काही नाही, तेव्हा कारखान्याच्या तोडीस तोड झाली. गणपतीला आणि दिवाळीला साडी, २,५०० रुपये. जेवणाचा आकडा लिहिताना मीच अडखळलो. आमच्याकडे कामाला आलेल्या माणसाच्या जेवणाचा हिशेब मांडणे हे हलकेपणाचे समजले जाते, आणि आईला कळले असते तर तिने वही चुलीत घातली असती. तरीही दोन वेळचे जेवण आणि चहा खर्चाविना होत नाहीत. दिवसाला ७० रुपये धरून, रविवारच्या मुलीसकट ३६५ दिवसांचे २५,५५० होतात. बहिणीला पाठवलेल्या पानावर मी या ओळीला “किराणा” असे नाव दिले.

वहिनी (वाडीच्या नात्याने आम्ही बाईंना वहिनी म्हणतो) पाच-सहा किलोमीटरवरून एसटीने येतात. १७ मार्च २०२३पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे झाल्यामुळे जाऊनयेऊन २० रुपयांत भागते. आईचा प्रवास तर ७५च्या पुढे म्हणून फुकट आहे, पण एसटीची पायरी तिला चढवत नाही, त्यामुळे त्या सवलतीचा तिला काडीचा उपयोग नाही. पावसाळ्यात संध्याकाळची गाडी बेभरवशाची असते आणि अंधारात घाटी चढून जायला लावणे बरे नव्हे, म्हणून ६० संध्याकाळी १०० रुपये देऊन रिक्षा धरली. रविवार आणि रजा वजा जाता कामाचे २९२ दिवस. त्यांचे एसटीचे ५,८४०, त्यातून रिक्षाच्या दिवसांचे परतीचे ६०० कमी, अधिक रिक्षाचे ६,०००, असे एकूण ११,२४०.

इथपर्यंतचा खर्च असा होता की मी वहीत लिहिला नसता तरी तो झालाच असता. पुढच्या चार ओळी मात्र मी स्वतःहून घातल्या, आणि त्यांच्यावरून आमच्या दोघांत थोडी वादावादीही झाली. कारखाना जे देतो ते मी द्यायचे ठरवले, तर त्याची मोजपट्टी कायद्यातूनच उचलणे सोपे होते. भविष्यनिर्वाह निधीचे मालकाचे १२ टक्के म्हणजे महिना १,५६०. तेवढ्याची पाच वर्षांची आवर्ती ठेव मी पोस्टात वहिनींच्या नावाने काढली. वर्षाचे १८,७२०. सरकारची असंघटित कामगारांसाठीची निवृत्तिवेतन योजना किंवा अटल पेन्शन योजना यांत जास्त शोभले असते, पण त्या दोन्हींत प्रवेशाचे वय १८ ते ४० आहे आणि वहिनी ४४च्या आहेत. घरी ठेवणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर आधी तिकडे पाहावे. ग्रॅच्युइटीचे सूत्र वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. ५०० गुणिले १५, म्हणजे ७,५००. ते मी वेगळ्या खात्यात ठेवतो. राज्य विम्याचा मालकाचा दर ३.२५ टक्के. त्या मापाने दवाखान्यासाठी वर्षाला ५,०७० बाजूला. आणि बँकेतून निघणारे दोन विमे, जीवनज्योतीचा ४३६ आणि अपघाताचा २० रुपये, मिळून ४५६. हे दोन्ही हप्ते मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात आणि त्या दिवशी खात्यात शिल्लक नसली तर विमा गेला, म्हणून त्यांच्या खात्यात मी ते पंधरा दिवस आधीच टाकतो. वर्षाला ४५६ रुपयांत दोन-दोन लाखांचे संरक्षण घेऊन न देणारा मालक मला समजत नाही.

बहिणीचे म्हणणे असे होते की, कायदा सांगत नाही तर १२ टक्के रोख पगारातच वाढवून द्यावेत, त्या बाईंना काय करायचे ते करू देत. तत्त्वतः ते बरोबर आहे, दुसऱ्याच्या पैशाची काळजी आपण किती करावी याला मर्यादा आहे. मी वहिनींनाच विचारले. त्या म्हणाल्या, “पोस्टात असतील तर राहतील हो भाऊ. घरात आले की पैशाला वाट फुटते.” विषय संपला.

सगळ्याची बेरीज २,७८,६३६ रुपये झाली. १३,०००च्या पगाराचा खरा महिना २३,२२० रुपयांचा, म्हणजे पगाराच्या पावणेदोन पटीहून थोडा जास्त. मी घातलेल्या चार ओळी, ३१,७४६ रुपयांच्या, काढून टाकल्या तरी २,४६,८९० उरतात आणि ते दीडपटीच्या वर आहेत. बहिणीच्या वाट्याला ७८,००० ऐवजी १,३९,३१८ आले. ती काही क्षण गप्प बसली आणि मग म्हणाली की, तिच्याकडे सरकार दहा टक्के घेते ते परवडले. त्यावर मी तिला तिच्याच तक्त्यातली एक उणीव दाखवली. तिच्या राज्यात दर ३० तासांच्या कामामागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत, भरपगारी आजारपणाची रजा द्यावी लागते. बाईंची ती रजा चालू असताना मुलीजवळ कोण बसणार, आणि त्याचे ४० तासांचे ८०० डॉलर तिने कुठे धरले आहेत? तिने ते धरलेच नव्हते. बदली माणसाचा खर्च हाच सर्वांच्या नजरेतून सुटतो, मग घर गुहागरला असो वा न्यू जर्सीला.

उचल मी या बेरजेत धरली नाही, याचा खुलासा करायला हवा, कारण पुष्कळ जण ती खर्चात मिळवतात आणि मग माणूस महाग पडले म्हणून कुरकुरतात. जूनमध्ये मुलाच्या प्रवेशासाठी वहिनींनी १०,००० रुपये उचल घेतली आणि महिना हजाराप्रमाणे ती वळती होत आहे. ते येणे आहे, खर्च नव्हे. वहीत तिचे पान वेगळे ठेवावे आणि प्रत्येक महिन्याला दोघांनी त्यावर सही करावी, म्हणजे पुढे शब्दाला शब्द लागत नाही. मात्र जून महिना तंगीचा असतो हे आधीच ओळखून तेवढे पैसे हाताशी ठेवावे लागतात, कारण शाळा, बियाणे आणि घराची शाकारणी यांची गरज कोकणात एकदमच येते.

आता वर्ष संपले आणि अंदाज ताडून पाहता आला. २१ रजा धरल्या होत्या, झाल्या ३३. लावणीचे सहा दिवस मी चिपळूणच्या खुर्चीत बसून ठरवले होते, प्रत्यक्षात अकरा लागले, आणि त्या दिवसांत गावातली प्रत्येक बाई कोणाच्या ना कोणाच्या खाचरात वाकलेली असल्यामुळे बदलीचा रोज ७०० झाला. त्यातही आठच दिवस माणूस मिळाले. उरलेले तीन दिवस मी रजा टाकून घरी राहिलो. बाकीच्या २२ दिवसांचे ६००प्रमाणे १३,२०० आणि हे ५,६००, म्हणजे १२,६००च्या जागी १८,८००. पावसानेही हिशेब मोडला. २०२५मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन थडकला, त्यामुळे ६० संध्याकाळच्या रिक्षा ८४ झाल्या आणि प्रवासाचे १,९२० रुपये वाढले. दवाखान्याला मात्र फक्त १,९०० लागले, तिथे ३,१७० वाचले. एकूण अंदाज ४,९५० रुपयांनी कमी पडला. आईजवळ मी स्वतः काढलेले तीन दिवस यात कुठेच धरलेले नाहीत. ते तीन दिवस मी एकटाच तिला उठवत-बसवत होतो, आणि वहिनींना महिन्याचे १३,००० कमी पडत असावेत असे मला पहिल्याच संध्याकाळी वाटले.

म्हणून जानेवारीपासून पगार १४,००० केला. हजाराची वाढ म्हणजे वर्षाचे बारा हजार, असे बहीण या वेळी म्हणाली नाही. तिने आधी विचारले की, आणखी काय काय हलते. पगाराचे १२,०००, दिवाळीचे १,०००, पोस्टातल्या ठेवीचे १,४४० आणि ग्रॅच्युइटीचे ५७७, मिळून १५,०१७, हे तर नुसते पगाराला बांधलेले. तिने तासाला एक डॉलर वाढवला तर तिचे वर्षाचे १,५६० डॉलर आणि त्यावर ७.६५ टक्के वाढतील, केंद्राचा बेकारीचा कर पहिल्या ७,०००वरच असल्यामुळे ४२चा आकडा हलणार नाही. या वर्षी लावणीचे अकरा दिवस मी आधीच धरले आहेत, आणि रविवारच्या मुलीला ५० रुपये वाढवून ती अकरा दिवस तिच्याशी आत्ताच बोलून ठेवली आहे.

एक गोष्ट राहिली आहे. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचा हप्ता मध्येच बदलता येत नाही, तेव्हा १,५६०चे १,६८० करायचे तर वरच्या १२० रुपयांचे दुसरे खाते काढावे लागते. हप्ता किमान १०० रुपयांचा आणि दहाच्या पटीत हवा, त्यात ते बसते. येत्या शनिवारी वहिनींना घेऊन पोस्टात जायचे आहे, आणि त्या दोन तासांसाठी आईजवळ कोण बसणार ते ठरवायचे आहे.